सदनिकेचे नूतनीकरण झाले, संस्थेचे काय?

न्यूयॉर्क शहरात ‘को-ऑप’मधील सदनिका विकत घेणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने घर विकत घेत नसतो, असे म्हटले तर मराठी वाचकाला प्रथमदर्शनी नवल वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी आहे. त्याच्या हाती पडतो तो एका कंपनीच्या काही भागांचा दाखला आणि त्या भागांच्या आधारे एका विशिष्ट सदनिकेत राहण्याचा भाडेपट्टा. जमीन, इमारत, जिने, लिफ्ट, तळघरातील बॉयलर आणि भिंतींच्या पोटातून गेलेले पाइप यांची मालकी कंपनीची, आणि कंपनी सर्व भागधारकांची. महिन्याच्या महिन्याला तो जी वर्गणी भरतो तिच्यातून इमारतीचा मालमत्ता कर, तिच्यावरील सामाईक कर्जाचे हप्ते, नोकरांचे पगार आणि हिवाळ्यातील उष्णतेचा खर्च भागतो. मुंबईच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद असलेल्या वाचकाला ही व्यवस्था अगदीच परकी वाटणार नाही. मात्र या दोन व्यवस्थांत एका ठिकाणी मोठे अंतर आहे. ते ठिकाण म्हणजे नव्या सभासदासाठी उघडणारे, किंवा न उघडणारे, दार.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स या वसाहतीसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. येथील जुन्या इमारतीतील, नूतनीकरण केलेली एक शयनगृहाची सदनिका ही आज न्यूयॉर्कच्या मध्यमवर्गीय गृहस्थाची परिचित आकांक्षा आहे. अशा सदनिकेचे रूप ठरल्यासारखे असते. आत शिरताच लहानशी देवडी, पुढे दिवाणखाना, खिडकीखाली बाष्पाने तापणारे बिडाचे रेडिएटर, उंच छत आणि चुन्याच्या गिलाव्याच्या जाड भिंती. नवा मालक ओकच्या लाकडाची जमीन घासून चकचकीत करून घेतो, विजेच्या तारा बदलतो, स्नानगृहात नव्या फरशा बसवितो आणि स्वयंपाकघर व दिवाणखाना यांमधील भिंत पाडून जागा मोकळी करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीमागे स्वयंपाक करणारी मोलकरीण उभी असे. आता घरधनी स्वतःच फोडणी देत पाहुण्यांशी बोलत असतो. नूतनीकरणाने घराचेच नव्हे, तर घरातील माणसांच्या संबंधांचेही रूप असे बदलते.

बागेभोवती उभारलेली भिंत

जॅक्सन हाइट्सचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभीचा. १९०९ मध्ये मॅनहॅटन आणि क्वीन्स यांना जोडणारा क्वीन्सबरो पूल खुला झाला आणि पलीकडच्या शेतजमिनींना एकाएकी किंमत आली. एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने तेथे विस्तीर्ण जमीन घेतली. १९१७ मध्ये रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरील उन्नत रेल्वे तेथवर येऊन पोहोचली. इंग्लंडमधील उद्यान-नगरीच्या चळवळीचा प्रभाव त्या काळच्या नगररचनाकारांवर मोठा होता. दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत गुदमरणाऱ्या शहराला हवा आणि उजेड देण्यासाठी रस्त्यालगत इमारती आणि त्यांच्या मधोमध सर्वांची बाग, अशी रचना येथे करण्यात आली. अँड्र्यू थॉमस या वास्तुविशारदाने आखलेल्या लिंडेन कोर्ट, शातो, टॉवर्स या इमारती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील शहरी गृहरचनेचे उत्तम नमुने मानल्या जातात. येथील सदनिका १९२० च्या सुमारास सहकारी तत्त्वावर विकण्यास सुरुवात झाली.

ही बाग रस्त्यावरून दिसत नाही. इमारतीच्या आत शिरल्यावरच ती दृष्टीस पडते. या रचनेत सौंदर्याची जाण होती, तशीच आत कोण आणि बाहेर कोण याचीही जाण होती. कंपनीने आरंभापासून ही वसाहत निवडक लोकांसाठी म्हणून ठेवली. ज्यू आणि कृष्णवर्णीय यांना तेथे घर मिळत नसे, आणि हे बंधन दुसऱ्या महायुद्धानंतरही बराच काळ टिकून होते. सहकार हा शब्द येथे दुर्बळांनी एकमेकांना आधार देण्यासाठी वापरला गेला नव्हता. शेजारी निवडण्याची सोय म्हणून सुखवस्तू वर्गाने तो उसना घेतला होता.

हे सारे सहकाराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच शहरात, ब्रुकलिनच्या सनसेट पार्क भागात, १९१६ मध्ये फिनलंडहून आलेल्या कामकरी कुटुंबांनी आपली पुंजी एकत्र करून ‘आल्कु’ नावाची इमारत उभारली. फिनिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘आरंभ’. नफा कमावणे हा त्यांचा हेतू नव्हता, घरमालकाच्या कचाट्यातून सुटणे हा होता. पुढे १९२७ मध्ये ब्रॉन्क्समध्ये कापड-शिलाई कामगारांच्या संघटनेने एब्राहम कझान यांच्या नेतृत्वाखाली सहकारी गृहसंकुल उभारले. ते आजही नांदते आहे. एकाच शब्दाखाली असे दोन प्रवाह वाहत आले. एका प्रवाहात लोक एकत्र आले ते घर परवडावे म्हणून, दुसऱ्यात एकत्र आले ते नको असलेला मनुष्य शेजारी येऊ नये म्हणून. आजच्या ‘को-ऑप’च्या रक्तात हे दोन्ही वारसे आहेत.

इतिहासाने जॅक्सन हाइट्सची मात्र चांगलीच फिरकी घेतली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्यांवरील वंशानुसार ठरविलेले कोटे रद्द केले. त्यानंतरच्या दोन दशकांत दक्षिण अमेरिकेतील आणि आपल्या उपखंडातील लोक येथे मोठ्या संख्येने आले. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्या, दागिने, मिठाई आणि मसाल्यांची पेठ उभी राहिली. नोकरीनिमित्त न्यूयॉर्क परिसरात आलेल्या किती तरी मराठी कुटुंबांनी गोडा मसाल्याला लागणारे जिन्नस आणि गणपतीसाठी लागणारे साहित्य याच पेठेतून नेले आहे. पुढे भारतीयांतील सुस्थित लोक लाँग आयलंड व न्यू जर्सीच्या उपनगरांत गेले. त्यांच्या जागी बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी आले. आज अमेरिकेतील सर्वाधिक भाषा कानी पडणाऱ्या वसाहतींत या वसाहतीची गणना होते. ज्यांना दूर ठेवण्यासाठी ती बांधली गेली, त्यांच्याच सारख्यांनी ती जिवंत ठेवली आणि तिच्या बागा राखल्या. १९९३ मध्ये शहराच्या लँडमार्क्स प्रिझर्व्हेशन कमिशनने तिचा मोठा भाग ऐतिहासिक वारसा विभाग म्हणून जाहीर केला.

कोणाचा पाइप, कोणाची भिंत

वारसा विभागातील सदनिकेचे नूतनीकरण करणाऱ्याला ‘घर माझे’ या शब्दांचा खरा अर्थ लवकरच कळतो. आतली भिंत कोणत्या रंगाने रंगवावी हा त्याचा प्रश्न. परंतु रस्त्याकडील खिडकी बदलायची तर कमिशनची परवानगी लागते, कारण ती खिडकी नगराच्या दर्शनी रूपाचा भाग आहे. भिंत पाडण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी करावी लागते. १९६० पूर्वीच्या बांधकामात शिसेमिश्रित रंग असण्याचा संभव धरून चालावे लागते. त्याखेरीज संस्थेशी वेगळा करार असतो. कामगारांनी यायचे ते कामाच्या दिवशी, ठरलेल्या तासांतच. ठेकेदाराने विमा उतरविला पाहिजे. बहुतेक संस्था खालच्या घरातील शयनगृहावर वरच्या घरातील स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर येऊ देत नाहीत, कारण गळती लागली तर पाणी शेजाऱ्याच्या अंथरुणावर पडेल. कित्येक जुन्या इमारतींत सदनिकेत कपडे धुण्याचे यंत्र ठेवण्यास मनाई असते. जुन्या नळांना साबणाचा फेस सोसत नाही आणि तो तळमजल्यावरच्या मोरीतून वर येतो. पावलांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून जमिनीच्या बहुतांश भागावर गालिचा अंथरण्याचा नियम तर सर्रास आढळतो.

हे नियम जाचक वाटतात, आणि काही अंशी ते आहेतही. परंतु त्यांच्या मुळाशी एक साधे सत्य आहे. एका बॉयलरची वाफ सर्वांच्या घरांतून फिरते. एकाने पाइप वाकविला तर तिसऱ्या मजल्यावरील म्हातारीची खोली जानेवारीत गार राहते.

या प्रश्नाचा कस न्यायालयात लागला तो योगायोगाने एका स्वयंपाकघरावरूनच. ग्रीनिच व्हिलेजच्या ऐतिहासिक विभागात, वॉशिंग्टन चौकाशेजारी, ‘वन फिफ्थ ॲव्हेन्यू’ नावाची १९२० च्या दशकातील उत्तुंग इमारत आहे. तेथील एका भागधारकाने १९८७ मध्ये स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी वाफेचा उभा पाइप जागचा हलविला. हा गृहस्थ तेव्हा संस्थेच्या संचालक मंडळाचा अध्यक्षच होता. पाइप हलवू नयेत हे संस्थेचे धोरण असल्यामुळे मंडळाने आपल्याच अध्यक्षाचे काम थांबविले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सपर्यंत गेले. १९९० मध्ये न्यायालयाने मंडळाच्या बाजूने कौल दिला. मंडळाने संस्थेच्या हितासाठी, आपल्या अधिकाराच्या मर्यादेत आणि सद्भावनेने निर्णय घेतला असेल तर न्यायालय त्याच्या शहाणपणाची फेरतपासणी करणार नाही, असे सूत्र या निकालाने घालून दिले. मात्र इतक्या व्यापक अधिकाराचा मनमानीसाठी, पक्षपातासाठी आणि भेदभावासाठी दुरुपयोग होऊ शकतो, हा इशाराही त्याच निकालपत्रात आहे.

या खटल्यात मंडळापाशी कारण होते, ते सर्वांना ठाऊक होते आणि अध्यक्षालाही लागू होते. सामाईक पाइपांच्या बाबतीत व्यक्तीने समूहापुढे नमते घ्यावे, हे अशा वेळी कोणालाही पटण्यासारखे आहे. पाइपांच्या बाबतीत जे न्याय्य ठरते, ते माणसांच्या बाबतीतही तसेच न्याय्य ठरते काय, हा खरा प्रश्न आहे.

नकार, आणि कारण नाही

‘को-ऑप’मधील सदनिका विकली जात असली, तरी ती घेणाऱ्याला संचालक मंडळाची संमती लागते. तो आपली प्राप्ती, कर्ज, बँकेतील शिल्लक, करविवरणे आणि ओळखीच्या लोकांची शिफारसपत्रे मंडळापुढे ठेवतो. मग मुलाखत होते. विकणारा राजी, घेणारा राजी, कर्ज देणारी बँक राजी, आणि तरीही मंडळाकडून एका ओळीचा नकार येऊ शकतो. त्या नकाराला कारण न देण्याचा अधिकार न्यूयॉर्कमधील मंडळांकडे परंपरेने चालत आला. १९५९ मध्ये पार्क ॲव्हेन्यूवरील एका इमारतीच्या खटल्यात कोर्ट ऑफ अपील्सने म्हटले, की आपली लिफ्ट आणि आपले जिने कोणाबरोबर वापरायचे हे सहकारी इमारतीतील लोकांनी स्वतः ठरविण्यात गैर काही नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व इत्यादी कारणांवरून घर नाकारणे कायद्याने गुन्ह्यासारखेच निषिद्ध आहे, हे खरे. परंतु कारण सांगण्याचेच बंधन नसेल तर निषिद्ध कारण सिद्ध कसे करायचे? कायद्याने दिलेले संरक्षण मौनापुढे लटके पडते.

मंडळांची बाजूही समजून घेतली पाहिजे. एका भागधारकाने वर्गणी थकविली तर तिचा भार इतरांवर पडतो. इमारतीवरील सामाईक कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. १९२९ नंतरच्या महामंदीत अनेक सहकारी इमारती याच मार्गाने दिवाळखोरीत गेल्या, जॅक्सन हाइट्समध्येही पुष्कळ सदनिका पुन्हा भाड्याने द्याव्या लागल्या. ती आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली. २००८ च्या पडझडीत अमेरिकेतील घरांवर जप्तीची लाट आली तेव्हा न्यूयॉर्कच्या ‘को-ऑप’ तुलनेने तगून राहिल्या, याचे श्रेय मंडळांच्या कडक छाननीलाच दिले जाते. पुढेही खर्च वाढतेच राहणार आहेत. २०१९ च्या शहर कायद्याने पंचवीस हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर २०२४ पासून मर्यादा घातली असून २०३० पासून ती अधिक कडक होते. जुने बॉयलर बदलण्याचा खर्च सर्वांनी मिळून सोसायचा, तर सोबती ऐपतीचा असावा असे वाटणे स्वाभाविक आहे.

हा युक्तिवाद मान्य केला तरी त्यातून एवढेच निघते, की मंडळाने ऐपत तपासावी. मौन पाळावे, असे त्यातून निघत नाही. ऐपत कमी पडली असेल तर तसे लिहून कळविण्यात संकोच कसला? किंबहुना ज्याचे कारण उजळ माथ्याने सांगता येते त्या नकाराला मौनाची गरजच पडत नाही. शहराला लागूनच असलेल्या वेस्टचेस्टर परगण्याने २०१८ मध्ये कायदा करून, अर्जावरील निर्णय ठरावीक मुदतीत देणे आणि नकाराची सूचना मानवी हक्क आयोगाकडे पाठविणे मंडळांना बंधनकारक केले. त्यामुळे तेथील संस्था बुडाल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या घरातील आरसा

महाराष्ट्राला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. सहकारी घरांची आपली परंपराही जुनी आहे. मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये, म्हणजे ब्रुकलिनच्या ‘आल्कु’च्या एक वर्ष आधी, स्थापन झाली. कानडा मुलखातून नोकरीसाठी येणाऱ्या आणि महागड्या भाड्याने गांजलेल्या कुटुंबांसाठी ती होती. ती एका ज्ञातीपुरती होती हेही नमूद केले पाहिजे. परक्या शहरात परस्परांना ओळखणाऱ्या लोकांनी एकत्र येणे हा सहकाराचा स्वाभाविक आरंभ आहे. मात्र आरंभ जेथे झाला तेथेच मुक्काम करावा असा नियम नाही.

कायद्यापुरते बोलायचे तर महाराष्ट्र न्यूयॉर्कच्या पुढे आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील तेविसाव्या कलमाने खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व स्वीकारले आहे. पुरेशा कारणाविना कोणालाही सभासदत्व नाकारता येत नाही आणि नकार मिळाल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. मुदतीत निर्णय कळविला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानण्याचीही तरतूद आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, सदनिकेच्या हस्तांतरासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

व्यवहारात काय घडते हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते देताना आडनाव पाहिले जाते. स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी होते. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, मुसलमान कुटुंबाला, दलित नोकरदाराला भाड्याची जागासुद्धा ‘नुकतीच गेली’ असे उत्तर मिळते. तोंडी दिलेल्या या उत्तराविरुद्ध कोणत्याही निबंधकाकडे अपील नाही. शिवाय २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका संस्थेचा, सदस्यत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी ग्राह्य धरला. तेव्हा कायद्याची भिंतही वाटते तितकी भक्कम नाही.

या ठिकाणी एका इतिहासाचे स्मरण अपरिहार्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये राहिले. तेथील विद्यार्थिजीवनात अस्पृश्यतेची जाणीव आपल्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. जेथे आसरा घेतला तेथून, जात कळताच, लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या, संस्थानच्या त्या अधिकाऱ्याची ऐपत अपुरी पडली नव्हती. आणि ज्या शहरात त्यांना मोकळा श्वास घेता आला, त्याच शहरातील जॅक्सन हाइट्समध्ये त्याच दशकात दुसऱ्या कोणासाठी दारे बंद केली जात होती. निवाऱ्याच्या प्रश्नात कोणत्याही समाजाला दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरत नाही.

घराचे नूतनीकरण पैशाने होते. चांगला सुतार, चांगला गवंडी आणि तीन-चार महिन्यांची धीरगत असली की शंभर वर्षांची सदनिका नवी दिसू लागते. वारसा म्हणून विटा, खिडक्या आणि छपरे राखण्याची व्यवस्थाही न्यूयॉर्कने केली आहे, मुंबईनेही काही प्रमाणात केली आहे. परंतु संस्था नावाची जी गोष्ट या विटांना एकत्र धरते तिच्या दुरुस्तीकडे दोन्ही शहरांचे दुर्लक्ष आहे. त्या दुरुस्तीला फार खर्च नाही. प्रवेशाचे निकष आधी जाहीर करावेत, निर्णयाला मुदत असावी, नकार लेखी आणि सकारण असावा, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय संस्थेच्या बाहेर असावी. न्यूयॉर्कने हे तत्त्व कायद्यात आणावे. आपण ते कायद्यात आणून साठ वर्षे उलटली, आता पुढच्या सर्वसाधारण सभेत ते इतिवृत्तात आणावे. पाइपाला हात लावू नका असे सभासदाला बजावणाऱ्या मंडळाला तसे बजावण्याचा अधिकार आहेच. घर मागणाऱ्या माणसाला नाही म्हणताना मात्र त्याने कारणही सांगितले पाहिजे.